मोडक्या कपाटापासून नव्या फळीपर्यंत : घरगुती कचरा आणि टाकाऊ लाकूड यांच्या पुनर्प्रक्रियेचा उद्योग

घरातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ वस्तूंचे स्थूलमानाने दोन प्रवाह असतात. पहिला रोजचा. भाजीची देठे, चहाचा चोथा, दुधाच्या पिशव्या, रिकाम्या बाटल्या, जुनी वर्तमानपत्रे यांचा हा प्रवाह सकाळी घंटागाडीत किंवा कचरावेचक महिलेच्या ढकलगाडीत जातो. दुसरा प्रवाह दहा-पंधरा वर्षांतून एकदा, पण लोंढ्यासारखा वाहतो. घर बदलताना, नव्याने सजावट करताना किंवा जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करताना मोडकी खाट, वाळवी लागलेले कपाट, पाण्याने फुगलेली प्लायवूडची दारे, जुन्या चौकटी असे सारे एकाच दिवशी जिन्याखाली येऊन पडते.

पहिल्या प्रवाहासाठी आज देशात नियम आहेत, महापालिकांच्या अंदाजपत्रकात तरतूद आहे, ओल्या-सुक्या कचऱ्याची भाषा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. दुसऱ्या प्रवाहाबाबत मात्र 'लाकूडच ते, कोणीतरी नेईल' एवढाच विचार केला जातो. कोणीतरी ते नेते, हे खरेच. परंतु कोठे नेते आणि त्याचे पुढे काय होते, याची चौकशी फारशी होत नाही. मुंबईत या लाकडातील काही भाग वर्षानुवर्षे पाव भाजणाऱ्या भट्ट्यांत गेला, आणि २०२५ साली हा विषय थेट उच्च न्यायालयाच्या आदेशापर्यंत पोहोचला.

कचरा आणि लाकूड हे दोन विषय वेगळे वाटले, तरी त्यांच्या पुनर्प्रक्रियेचा नियम एकच आहे. माल जितका शुद्ध आणि वेगवेगळा केलेला, तितकी त्याची किंमत अधिक. सरमिसळ झाली, की सर्वांत महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते. या नियमाची प्रचीती देशात आणि परदेशांत कशी आली, याचा हा आढावा.

तीन संज्ञा

या विषयात तीन शब्दांची नेहमी गल्लत होते. वस्तू आहे त्याच रूपात पुन्हा उपयोगात आणणे म्हणजे पुनर्वापर. जुन्या वाड्यातील सागवानी दार नव्या घराला बसवणे हे त्याचे उदाहरण. वस्तू मोडून तिच्यातील द्रव्यापासून नवी वस्तू घडवणे ही पुनर्प्रक्रिया. रद्दीपासून पुठ्ठा किंवा लाकडाच्या तुकड्यांपासून पार्टिकल बोर्ड तयार होतो तो याच मार्गाने. वस्तू जाळून तिच्यातील उष्णता वापरणे ही तिसरी पायरी, ऊर्जाप्राप्ती. जाळलेली वस्तू परत मिळत नाही, म्हणून ही पायरी सर्वांत शेवटी यावी असा संकेत आहे. व्यवहारात मात्र, विशेषतः लाकडाच्या बाबतीत, आपण थेट शेवटच्या पायरीवर उडी घेतो.

कचऱ्यात असते काय?

भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्याचा सुमारे निम्मा किंवा त्याहून अधिक भाग ओला, म्हणजे कुजणारा असतो. त्यात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने असा कचरा सहजी पेटत नाही. ही साधी गोष्ट दुर्लक्षिली गेल्यामुळे झालेल्या फसगतीचे ठळक उदाहरण म्हणजे दिल्लीतील तिमारपूरचा प्रकल्प. डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर आधारित, रोज ३०० टन कचरा जाळून वीज निर्माण करणारा हा प्रकल्प १९८७ साली उभारण्यात आला. युरोपातील कचऱ्यात कागद, पुठ्ठा, लाकूड अधिक. दिल्लीच्या कचऱ्यात ओलावा, माती आणि राख अधिक. जो कागद व प्लास्टिक जळू शकले असते, ते वेचकांनी आणि भंगारवाल्यांनी आधीच बाजूला काढलेले. परिणामी कचऱ्याचे उष्मांकमूल्य यंत्राच्या गरजेपेक्षा फार कमी भरले आणि अवघ्या काही आठवड्यांच्या चाचणीनंतर प्रकल्प बंद पडला.

लखनौ येथे २००३ साली उलट दिशेने प्रयत्न झाला. ओल्या कचऱ्यापासून वायू आणि त्यापासून ५ मेगावॉट वीज अशी ती योजना होती. तत्त्व योग्य होते. प्रकल्पाकडे येणारा कचरा मात्र मिश्र होता. त्यात माती, विटांचे तुकडे, प्लास्टिक सारे काही होते. जिवाणूंना खाद्य हवे होते आणि त्यांच्या पुढ्यात राडारोडा आला. हाही प्रकल्प चालू शकला नाही.

पहिला प्रकल्प जाळण्याचा, दुसरा कुजवण्याचा. तंत्रे परस्परविरुद्ध असली, तरी दोहोंच्या अपयशाच्या मुळाशी एकच गोष्ट होती. यंत्राला हवा असलेला माल त्याच्यापर्यंत पोहोचला नाही.

डोंगराखालची गावे

वर्गीकरण न झालेला कचरा अखेर जातो कोठे? मुंबईतील देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आली. जानेवारी २०१६ अखेर तेथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रांतही दिसला. कुजणाऱ्या कचऱ्यातून प्राणवायूच्या अभावी मिथेन वायू तयार होतो. त्याच ढिगात कागद, कापड, प्लास्टिक आणि लाकूडही पडलेले असते. अशी आग वरून पाणी मारून विझत नाही, ती आतल्या आत धुमसत राहते. या ठिकाणचा सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हटवण्यासाठी मुंबई महापालिकेने २०२५ साली निविदा काढली.

पुण्याचा कचरा डेपो पूर्वी कोथरूडला होता. शहर वाढून कोथरूडपर्यंत पोहोचले, तेव्हा १९८१ च्या सुमारास डेपो उरुळी देवाची आणि फुरसुंगी परिसरात हलवण्यात आला. शहराची दुर्गंधी गेली. गावांच्या वाट्याला ती आली. कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी विहिरींत उतरले. ग्रामस्थांनी पुढे अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि पेठांमध्ये कचऱ्याचे ढीग साचल्यावर या गावांची नावे शहरवासीयांच्या तोंडी झाली. आपण बादलीत एकत्र टाकलेल्या सालपटांची आणि पिशव्यांची किंमत दुसरे कोणीतरी मोजत असते, हे पुण्याला या आंदोलनांनी शिकवले.

ओल्या कचऱ्याच्या दोन वाटा

ओला कचरा वेगळा मिळाला, की त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. पहिला खतनिर्मितीचा. यात जिवाणूंना हवा मिळेल अशा रीतीने कचऱ्याच्या लांब रांगा लावून त्या ठराविक दिवसांनी उलटल्या जातात. ढिगाच्या आतील तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि त्यात रोगजंतू व तणांची बीजे नष्ट होतात.

येथे लाकडाचा पहिला संबंध येतो. जिवाणूंना कार्बन आणि नत्र या दोहोंची गरज असते व एका भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कार्बन हे प्रमाण उत्तम मानले जाते. स्वयंपाकघरातील कचऱ्यात नत्र तुलनेने जास्त, पाणी भरपूर आणि पोकळी कमी. तो एकट्याने कुजवला तर त्याचा लगदा होऊन दुर्गंधी सुटते. लाकडाच्या भुशात कार्बन शेकडो पटींनी अधिक असतो. तो एकटा ठेवला तर वर्षानुवर्षे कुजत नाही. दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले, की ढीग मोकळा राहतो, हवा खेळती राहते आणि खत चांगले होते. सोसायटीच्या आवारातील छाटलेल्या फांद्यांचे बारीक तुकडे, सुताराकडील सालपी आणि भुसा यांचा म्हणूनच ओल्या कचऱ्याच्या खतात मोलाचा उपयोग आहे. अट एकच. हे लाकूड निखळ असले पाहिजे. प्लायवूडचा भुसा किंवा रंगवलेल्या लाकडाच्या ढलप्या खतात गेल्या, तर डिंकातील व रंगातील रसायनेही त्यासोबत मातीत जातात.

दुसरा मार्ग वायुनिर्मितीचा. इंदूर येथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पाचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले. दिवसाला सुमारे १७ हजार किलो जैव-सीएनजी आणि १०० टन खत अशी त्याची क्षमता आहे. या प्रकल्पाची चर्चा होताना यंत्रसामग्रीचे कौतुक अधिक होते. तथापि, लखनौत जे साधले नाही ते इंदुरात साधण्यास यंत्रांहून अधिक कारणीभूत ठरली ती घरोघरी वेगवेगळा कचरा घेण्याची शिस्त. त्या शहराने प्रकल्पाच्या कित्येक वर्षे आधी हे वळण लावून घेतले होते.

कागद, काच, पत्रा

सुक्या कचऱ्याची पुनर्प्रक्रिया आपल्याकडे कोणत्याही सरकारी योजनेपूर्वीपासून सुरू आहे आणि ती प्रामुख्याने गरिबांनी चालवली आहे. वेचक, फेरीवाला भंगारवाला, वस्तीतील दुकानदार, ठोक व्यापारी आणि अखेर कारखाना अशी ही उतरंड असते. प्रत्येक पायरीवर माल अधिक बारकाईने निवडला जातो. बाहेरच्या माणसाला जे नुसते 'प्लास्टिक' दिसते, त्याचे वेचकाच्या हाती अनेक प्रकार होतात. तुकडा वाकवून, दातांनी दाबून, आपटल्यावर होणाऱ्या आवाजावरून तो कोणत्या जातीचा हे ओळखले जाते. धारावीतील '१३ कंपाऊंड' हा भाग मुंबईच्या या व्यवसायाचे मोठे केंद्र म्हणून ओळखला गेला.

या श्रमांना संघटित रूप पुण्याने दिले. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण उपक्रमातून लक्ष्मी नारायण व पौर्णिमा चिकरमाने यांचा कचरावेचक महिलांशी संबंध आला आणि डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना स्थापन झाली. उकिरड्यावर वेचणाऱ्या बाईला चोर समजून हुसकावण्याऐवजी कामगार म्हणून ओळखपत्र मिळावे, ही सुरुवातीची मागणी होती. याच संघटनेतून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निर्माण झाली आणि २००८ साली तिने पुणे महापालिकेशी करार केला. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, त्याबद्दल घरटी मासिक शुल्क घ्यायचे आणि सुका माल विकून येणारे उत्पन्नही सभासदानेच ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे. संस्थेचे तीन हजारांहून अधिक सभासद असून त्यांत बहुसंख्य महिला आहेत.

या व्यवस्थेतही नागरिकाचा निष्काळजीपणा कोणाच्या तरी हाताला लागतो. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही 'स्वच्छ'ची मोहीम त्याच अनुभवातून आली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग सांगितले होते. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घ्यावयाचा असे चार भाग केले.

सुक्या मालातील प्रत्येक द्रव्याचा गुणधर्म वेगळा. काच आणि धातू कितीही वेळा वितळवता येतात. खनिजापासून ॲल्युमिनियम काढण्याच्या तुलनेत भंगारापासून ते मिळवताना सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. कागदाचा तंतू मात्र प्रत्येक फेरीत आखूड होतो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर निकामी ठरतो. चिप्स-बिस्किटांच्या चकचकीत वेष्टनांत प्लास्टिक व धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही म्हणून भंगारवाला त्यांना हातही लावत नाही. असा निरुपयोगी पण ज्वलनशील माल दाबून सिमेंट कारखान्यांना इंधन म्हणून दिला जातो. एकदा चिकटवलेले सुटे करणे अवघड, हा धडा आता लाकडाकडे वळताना स्मरणात ठेवावा.

लाकडाचे दोन जन्म

पुण्याच्या पेठांतील वाडे किंवा गिरगाव-दादरच्या जुन्या चाळी पाडल्या जातात, तेव्हा तुळया, वासे, खांब आणि चौकटी सर्वांत आधी विकल्या जातात. सागवान, त्यातही ब्रह्मदेशातून आलेले जुने सागवान, शंभर वर्षांनंतरही रंधा मारला की नव्यासारखे निघते. त्यासाठी जुन्या लाकडाच्या वखारी आहेत, मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार आहे. पाडकाम करणारा कंत्राटदार या लाकडाचा भाव धरूनच बोली लावतो. हा उत्तम प्रतीचा पुनर्वापर होय आणि त्याला कोणत्याही योजनेची गरज पडलेली नाही.

गेल्या काही दशकांत घराघरांत आलेल्या लाकडाची गोष्ट वेगळी आहे. प्लायवूड म्हणजे डिंकाने चिकटवलेले पातळ पापुद्रे. पार्टिकल बोर्ड म्हणजे डिंकात घोळून दाबलेला चुरा. त्यावर सनमायका, कडांना प्लास्टिकची पट्टी, आत खिळे, स्क्रू, बिजागऱ्या. त्यातील डिंक बहुधा फॉर्मल्डिहाइडयुक्त असतो आणि फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली मानवी कर्करोगाचे कारण म्हणून जाहीर केले आहे. असे कपाट मोडले, की सुताराला त्यातून फळी मिळत नाही आणि वखारवाला ते घेत नाही. त्याला एकच गिऱ्हाईक उरते, ते म्हणजे जळण.

कारण उघड आहे. वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता असते आणि फर्निचरचे लाकूड तर वर्षानुवर्षे घरात वाळलेले. अखंड लाकडापेक्षा ते स्वस्त, सहज मिळणारे आणि लवकर पेटणारे. म्हणून मुंबईतील अनेक बेकऱ्यांच्या भट्ट्यांत मोडक्या फर्निचरचे लाकूड जाऊ लागले. रंग, डिंक आणि लॅमिनेटसह जळणाऱ्या या लाकडाच्या धुराचा उपद्रव सर्वप्रथम होतो तो भट्टीपुढे उभ्या असलेल्या कामगाराला, त्यानंतर शेजारच्या वस्तीला. प्लास्टिकच्या पट्टीत पीव्हीसी असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात.

मुंबईच्या हवाप्रदूषणाची स्वतःहून दखल घेऊन सुरू केलेल्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि तत्सम भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. बेकरीचालकांनी खर्चाची अडचण मांडली आणि ती खोटी नाही. पाव हे कष्टकऱ्यांचे अन्न असून त्याचा नफा पैशांत मोजला जातो. मात्र या वादात एक प्रश्न बाजूलाच राहिला. भट्ट्यांनी हे लाकूड घेणे बंद केल्यावर ते जाणार कोठे? शहरातील घरे दुरुस्त होतच राहणार, इमारती पाडल्या जातच राहणार. पर्यायी वाट नसेल तर तेच लाकूड रस्त्याकडेच्या शेकोटीत किंवा क्षेपणभूमीवर जाईल.

जर्मनीचे चार वर्ग

हा प्रश्न ज्या देशांनी हाताळला, त्यांत जर्मनीचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तेथे टाकाऊ लाकडाविषयीचा स्वतंत्र नियम २००२ साली मंजूर होऊन मार्च २००३ पासून लागू झाला. त्याने लाकडाचे चार मुख्य वर्ग पाडले.

पहिल्या वर्गात निखळ, केवळ कापलेले किंवा तासलेले लाकूड येते; उदाहरणार्थ, रंग न दिलेले खोके आणि पॅलेट. दुसऱ्या वर्गात चिकटवलेले, रंगवलेले किंवा लेप दिलेले, परंतु घातक हॅलोजनयुक्त लेप अथवा कीडनाशके नसलेले लाकूड. घरातील बरेचसे फर्निचर यात मोडते. तिसऱ्या वर्गात पीव्हीसीसारखे लेप असलेले लाकूड. चौथ्या वर्गात वाळवी व बुरशीपासून रक्षणासाठी विषारी द्रव्ये मुरवलेले लाकूड, म्हणजे रेल्वेचे जुने स्लीपर, तारांचे खांब आदी.

पहिल्या दोन वर्गांतून नवी फळी बनवता येते. तिसऱ्यातील लेप काढला तरच ती परवानगी मिळते. चौथा वर्ग केवळ धूर शुद्ध करण्याची यंत्रणा असलेल्या, परवानाधारक संयंत्रातच जाळायचा. लाकडाचे वर्ग मिसळले गेले, तर सारा ढीग त्यातील सर्वांत वाईट वर्गाचा समजला जातो. या एका कलमामुळे वर्गीकरण व्यापाऱ्याच्या हिताचे ठरले. स्वच्छ पॅलेटच्या ढिगात कोणी जुना स्लीपर टाकला तर नुकसान त्याचेच. टाकाऊ लाकूड क्षेपणभूमीवर टाकण्यास मनाई आहे. अर्थात तेथेही बहुतांश टाकाऊ लाकूड ऊर्जेसाठीच जाळले जाते. परंतु ते कोणत्या भट्टीत जाळायचे, हे लाकडाचा वर्ग ठरवतो. स्वस्ताई ठरवत नाही.

तुकड्यांपासून फळी

टाकाऊ लाकडापासून मोठ्या प्रमाणावर फळी बनवण्यात इटली आघाडीवर आहे. तेथे लाकूड बऱ्याच अंशी बाहेरून आणावे लागते. साहजिकच पो नदीच्या खोऱ्यातील फळी उद्योगाने टाकाऊ लाकडाला कच्चा माल मानले. लाकडी वेष्टनांच्या संकलनासाठी 'रिलेन्यो' हा राष्ट्रीय संघ १९९७ साली स्थापन झाला. मान्तोवा जिल्ह्यातील व्हियादाना येथील साव्हियोला उद्योगसमूह केवळ टाकाऊ लाकडापासून फळ्या बनवण्यासाठी प्रसिद्ध असून तो वर्षाला दहा लाख टनांहून अधिक लाकूड वापरतो. फळांचे खोके, पॅलेट, मोडके फर्निचर नगरपालिकांच्या संकलन केंद्रांतून तेथे पोहोचते.

प्रक्रियेचे टप्पे ऐकायला सोपे आहेत. प्रथम अवजड दातेरी यंत्रांत लाकडाचे मोठे तुकडे केले जातात. पट्ट्यावरून जाताना लोहचुंबक खिळे, स्क्रू व बिजागऱ्या ओढून घेतो. ॲल्युमिनियम आणि पितळ चुंबकाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे वेगळे यंत्र असते, ते या धातूंना उसळवून बाजूला फेकते. चाळण्यांतून माती व वाळू गळते. हवेच्या झोताने हलके प्लास्टिक आणि जड दगड-काच वेगळे होतात. काही कारखान्यांत अवरक्त किरणांनी प्रत्येक तुकडा तपासून प्लास्टिक अथवा फायबर बोर्ड ओळखले जाते. स्वच्छ झालेला चुरा वाळवून त्यातील ओलावा दोन-तीन टक्क्यांवर आणतात, त्यात डिंक मिसळतात, बारीक चुरा वर-खाली आणि जाडा मध्ये असे थर पसरतात आणि सुमारे २०० अंश तापमानात दाबतात. काही मिनिटांत फळी तयार होते.

एवढी यंत्रे असूनही कारखाना कोणतेही लाकूड घेत नाही, हे महत्त्वाचे. विषारी द्रव्य मुरलेला खांब चुरा झाल्यावर डोळ्यांना ओळखू येत नाही आणि मग ते विष नव्या कपाटातून कोणाच्या तरी शयनगृहात पोहोचते. म्हणून खरी निवड दातेरी यंत्राच्या आधी, आवारात येणाऱ्या मालाच्या ढिगापाशीच करावी लागते.

आपल्याकडे का नाही?

भारतातील फळी उद्योग मुख्यत्वे लागवडीच्या निलगिरी, पॉप्लर आदी झाडांवर चालतो; ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांतील बगॅसपासूनही पार्टिकल बोर्ड बनवले जाते. हा माल एकसारखा आणि खिळ्यांविना मिळतो. त्या तुलनेत शहरातील टाकाऊ लाकूड विखुरलेले, मिश्र आणि जागा व्यापणारे. मोडके कपाट वाहून नेताना टेम्पो लाकडाने कमी आणि पोकळीने अधिक भरतो. जवळच तुकडे करण्याची सोय नसेल, तर वाहतुकीतच सारी किंमत संपते. त्यात बेकरी, वीटभट्टी यांसारखे गिऱ्हाईक कोणतीही निवड न करता माल उचलत असल्यावर निवडीची तसदी कोण घेणार?

तरीही आरंभ करण्यासाठी आधार नाही असे नव्हे. बांधकाम राडारोड्याच्या २०१६ च्या नियमांतच वर्गीकरण करताना लाकडाचा उल्लेख होता. पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रकल्पात शेकडो घरे एकाच वेळी रिकामी होतात; इतका मोठा, एका जागी व ठरलेल्या दिवशी मिळणारा लाकडाचा साठा दुसरा नाही. पाडकामाच्या परवानगीसोबतच लाकूड तीन ढिगांत वेगळे ठेवण्याची अट घालता येईल. अखंड लाकूड वखारीकडे, निखळ तुकडे व भुसा खताकडे किंवा 'पांढरा कोळसा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंधनविटांकडे, आणि चिकटवलेले वा रंगवलेले लाकूड धूर शुद्ध करण्याची यंत्रणा असलेल्या औद्योगिक भट्टीकडे. फळी बनवणारा कारखाना उभा राहीपर्यंत एवढे वर्गीकरण झाले, तरी ते लाकूड पावाच्या भट्टीपासून दूर राहील.

निवडणाऱ्या हातांचीही वाण नाही. प्लास्टिकचा तुकडा आपटून त्याची जात सांगणारी व्यक्ती प्लायवूड आणि सागवान यांतील फरक सहज ओळखू शकते. त्या कौशल्याला हातमोजे, खिळे काढण्याची अवजारे, बसण्यासाठी शेड आणि रास्त मोबदला हवा. जड सामान जिना उतरवून नेणे हे प्लास्टिक वेचण्याहून अधिक कष्टाचे काम आहे आणि त्याचे शुल्कही त्या मानाने असले पाहिजे.

घरी काय करता येईल?

ओला कचरा पिशवीत न बांधता द्यावा. पिशवीच खत प्रकल्पाची पहिली शत्रू ठरते. दुधाच्या पिशव्या, बाटल्या विसळून सुक्या कचऱ्यात ठेवाव्यात. पिशवीचा कापलेला कोपरा सुटा करू नये, तो पुढे कोणाच्याच हाती लागत नाही.

लाकडी सामान काढताना ते मोडण्याआधी विकता किंवा देता येईल का, हे पाहावे. अखंड खाटेला गिऱ्हाईक मिळते, मोडलेलीला मिळत नाही. मोडायचेच असेल तर बिजागऱ्या, कड्या, काच आणि लोखंड काढून वेगळे द्यावे. रंगवलेले लाकूड किंवा प्लायवूड शेकोटीत, बंबात अथवा चुलीत कदापि जाळू नये आणि त्याची राख कुंड्यांत घालू नये.

हल्ली पॅलेटच्या लाकडाचे फर्निचर करण्याची आवड वाढली आहे. आयात-निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला आंतरराष्ट्रीय शिक्का असतो. त्यात 'एचटी' अक्षरे असतील तर कीड मारण्यासाठी लाकूड फक्त तापवलेले आहे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे; असे पॅलेट घरात आणू नये.

नवे फर्निचर घेतानाही एक प्रश्न विचारावा. मोडल्यावर याचे काय होईल? स्क्रूने जोडलेले उलगडता येते, डिंकाने चिकटवलेले फोडावेच लागते. वाड्याची तुळई पुन्हा कामास आली, कारण ती घडवणाऱ्या सुताराने ती खुंट्यांनी जोडली होती आणि पाडणाऱ्याला ती अखंड उतरवता आली.